गाणं थांबवून काढलेले फोटो

मेहकरच्या त्या फोटो स्टुडिओचं शटर अर्धंच वर केलेलं होतं. वाकून आत शिरताना माझ्या कंबरेनं काय बोलायचं ते बोलून घेतलं. आत अंधार, धूळ आणि फोटो धुवायच्या हायपोचा तो आंबूस वास. आमच्या जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या स्टुडिओत हा वास येतो आणि मला एकदम दहावीच्या फॉर्मसाठी फोटो काढायला आल्यासारखं वाटतं. वेणी नीट आहे ना, म्हणून हात मागे जातो. आता वेणी नाही, अंबाडा आहे, आणि तोही नावापुरताच.

स्टुडिओच्या मालकांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा मुलगा, तोही आता पन्नाशीचा, दुकान रिकामं करत होता. तिथे मोबाइलची कव्हरं आणि चार्जर विकायचा त्याचा बेत होता. मागच्या भिंतीवरचा रंगवलेला तलाव आणि त्यातली हंसांची जोडी अजून जागेवर होती, पण हंसांच्या पोटाला टेकवून लोखंडी रॅक उभे केले होते.

"मॅडम, तुमी फोनवर गायन पार्ट्यांचे फोटो म्हणाल्या व्हत्या ना," तो म्हणाला. "हे खोकं पाहा. गिऱ्हाइकानं न नेलेले हायेत समदे. लग्न, जयंती, शाळेचं गॅदरिंग, सारं एकातच हाये. पायजे ते घ्या. राह्यलेलं मी काढूनच टाकून राह्यलो."

मेहकरच्या निम्म्या नवरा-नवरींनी जिच्यात बसून फोटो काढले असतील अशी एक कोरीव खुर्ची कोपऱ्यात होती. तिच्यात बसून मी खोकं पायाशी ओढलं आणि निवड सुरू केली. चांगले उजवीकडे, खराब डावीकडे. खराब म्हणजे हललेले, काळे पडलेले, कुणाचं डोकंच कापलं गेलेले. इतकी वर्षं फोटो गोळा करून हाताला तशी सवयच लागली आहे. डोळा पाहतो न पाहतो तोच हात निकाल लावून मोकळा होतो. एका फोटोत कापडी बॅनर स्वच्छ वाचता येत होता, स्टेजवरची माणसं ताठ बसली होती आणि मधोमध नुसता पांढरा फराटा होता. डावीकडे. पुढचा.

माझा छंद ऐकला की लोक आधी हसतात, मग याचं पुढे काय करणार म्हणून विचारतात. मी गायन पार्ट्यांचे जुने फोटो गोळा करते. एप्रिलातल्या जयंतीला, विहाराच्या उद्‌घाटनाला, कुणाच्या लग्नात आमच्या वस्त्यांमध्ये ज्या पार्ट्या येत, त्यांचे स्टेजवरचे फोटो. पेटी, ढोलकी, बँजो, खंजिरी, मागे कोरस आणि पुढे माईकपाशी मुख्य गायक नाहीतर गायिका. या माणसांनी गावंच्या गावं जागवली. त्यांची गाणी तोंडोतोंडी आली आणि तोंडोतोंडीच गेली, कुणी टेप केलं नाही, केलं ते बुरशीनं खाल्लं. उरले फोटो. तेही कुणी चुलीत घातले, कुणाचे वाळवीनं खाल्ले, कुणी घर रंगवताना भिंतीवरून उतरवले ते परत लावलेच नाहीत. मी बुलढाण्याहून सुट्टीच्या दिवशी एसटीनं गावोगाव जाते, अनोळखी घरात चहा पिते आणि ट्रंका उघडायला लावते. माझा नवरा म्हणतो, "तुह्या या फोटोयपायी कपाटाचं दार लागून नाही राह्यलं."

दार लागत नाही हे खरं आहे. पण माझा खरा संताप वेगळाच आहे. गाणाऱ्या माणसांचे एवढे फोटो माझ्याकडे जमले आणि त्यातल्या एकाही फोटोत कुणी गात नाही.

एकजात सगळ्यांची तोंडं मिटलेली. ढोलकीवाल्याचे हात मांडीवर. पेटीवाल्याची बोटं पट्ट्यांवर आहेत, पण भाता बंद. गायिका माईकसमोर उभी आहे आणि तहसील कचेरीत नंबर लागायची वाट पाहत असल्यासारखी कॅमेऱ्याकडे बघते आहे. नाहीतर मग सत्काराचे फोटो, शाल आणि नारळ, हनुवटीपर्यंत हार, आणि हार घालणाऱ्या पुढाऱ्याचा चेहरा मात्र लख्ख. हे काय फोटो झाले? चिडून मी कधी कधी सगळा गठ्ठा कपाटात परत कोंबते आणि पुढच्या रविवारी पुन्हा एसटी पकडते.

असं का झालं ते मला पक्कं ठाऊक आहे, कारण ते माझ्या डोळ्यांदेखत झालं.

माझं माहेर वडनेर भोलजीचं. आईची धाकटी बहीण, माझी मावशी, त्याच गावात दिलेली. तिचं घर आमच्या घराच्या मागच्या बाजूला. मावशीच्या नवऱ्याची, मावसाजींची, गायन पार्टी होती. ते पेटी वाजवत आणि पार्टी चालवत, आणि मावशी गात असे. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या, शेतं मोकळी पडली की त्यांच्या ओट्यावर तालीम बसायची. दिवसभर कामाला गेलेली माणसं हातपाय धुऊन येत, ढोलकीला शाई घासली जाई, आणि कुणाच्या तरी घरातून वांग्याच्या भरताचा वास ओट्यापर्यंत येई. त्या वासात मावशीचा पहिला सूर लागायचा. आजही कुणी वांगं भाजायला ठेवलं की मी कान देऊन बसते, आणि मग काहीच ऐकू येत नाही म्हणून चिडते.

तेच दिवस मिरच्या कांडायचे. घरोघरी उखळं चालू, हवेत ठसका. मावशीला गळ्याची फार भीती. मिरची निघाली की ती तोंडाला पदर लावून गावाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसे आणि तिच्या वाटची मिरची माझी आई कांडत असे. "राणीसाहेब गेल्या का," असं आई शिंकत शिंकत म्हणे, पण मावशीला उखळाजवळ येऊ देत नसे. मावशीच्या पदराच्या गाठीला खडीसाखर आणि ज्येष्ठमधाचा तुकडा कायम बांधलेला. मी जवळ गेले की ती गाठ सोडून खडीसाखर मला देई आणि ज्येष्ठमध स्वतः चघळत राही.

कार्यक्रमाच्या दिवशी तिचं पांढरं पातळ तांदळाच्या पेजेत बुडवून वाळत घातलेलं असे. निळ्या काठाचं. ते नेसून ती चालली की कडक कापडाचा आवाज येई. आम्ही कधी टेम्पोत, कधी एसटीच्या टपावर पेटी-ढोलकी चढवून निघायचो. नांदुरा, मोताळा, रोहिणखेड, कधी लांब मेहकर. कडुनिंबाला कर्णा बांधलेला असायचा, गॅसबत्तीच्या रॉकेलचा वास असायचा, आणि पुढच्या सतरंजीवर माझी जागा ठरलेली. रोहिणखेडला कार्यक्रम असला की जुन्या मशिदीकडच्या गल्लीतले म्हातारे मुद्दाम पुढे येऊन बसत आणि मावशीनं तान घेतली की हळूच "क्या बात" म्हणत मान हलवत.

गाताना मावशी सुंदर दिसायची नाही. हे मला आवर्जून सांगायचं आहे. भरलेली घागर डोक्यावर चढवताना बाईचा चेहरा होतो तसा तिचा चेहरा व्हायचा. डावा हात कानाला, उजवा समोर फेकलेला, डोळे घट्ट मिटलेले, मानेची नस फुगलेली आणि तोंड एवढं उघडं की बाजूचा वाकडा दात दिसायचा. एरवी तो दात ती हसतानाही पदरानं झाकायची. गाताना मात्र तिला कशाचीच लाज नसे.

आणि ऐन अशा वेळी फोटोवाला यायचा.

तो स्टेजसमोर येऊन कॅमेरा वर करी, आणि मावसाजींचा भात्यावरचा हात उठून हवेत वर जाई. त्या हाताची सगळ्यांना सवय होती. पेटी थांबे, ढोलकी थांबे, कोरस थांबे. मावशी तोंडातला शब्द गिळून डोळे उघडी, पदर सावरी आणि समोर बघे. फोटो महाग, रोल महाग, हललेला फोटो कार्यक्रमाची कमिटी घेत नसे. म्हणून गाणं थांबवायचं. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. ऐकणारे लोकसुद्धा आपापल्या जागी ताठ होऊन बसत. त्या शांततेत गॅसबत्तीची सूं सूं ऐकू यायची. मग लख्ख उजेड पडे, मावसाजींचा हात खाली येई आणि जिथे तुटला होता त्याच शब्दापासून गाणं पुन्हा सुरू होई. लहानपणी मला वाटे की गाणं असंच असतं, मधे एक भोक असलेलं.

त्या भोकांचे फोटो मी आज गोळा करते आहे, असं एखाद्या दिवशी वाटतं आणि अंगाचा तिळपापड होतो.

मध्यंतरी मोबाइलवर काही भलतंच समोर आलं. फ्रान्समधल्या जुन्या गायक-गायिकांचे स्टेजवरचे फोटो गोळा करणाऱ्या लोकांचा एक ग्रुप. माझ्यासारखेच रिकामटेकडे, फक्त त्यांच्या कपाटाची दारं लागत असावीत. मी ते फोटो पाहतच राहिले. एक मुलगी, कपाळावर आखूड कापलेले केस, माईकची वायर हाताला गुंडाळलेली, तोंड पुरतं उघडं. एक माणूस घामानं निथळलेला, डोळे मिटलेले, मानेची नस फुगलेली. एकीचा तर हातच दिसत नव्हता, इतका हललेला. त्यांची भाषा मला कळत नाही, ते काय गात होते कुणास ठाऊक, पण ते गात होते हे कुणालाही कळावं. मी त्यातले बरेच फोटो उतरवून घेतले. वडनेरच्या माझ्या मावशीचा चेहरा मला परमुलखातल्या कुणाच्या तरी मानेत सापडतो आणि आमच्या घरच्या फोटोत सापडत नाही, याचा राग कुणावर काढायचा?

हा राग नुसता छंदाचा असता तर मी तो गिळलाही असता. पण मावशीचे डोळे चालले आहेत.

मावसाजी गेले, पार्टी मोडली, माझी आईही गेली. मावशी वडनेरलाच मुला-सुनेजवळ असते. तिला काचबिंदू आहे. आमच्या लक्षात आलं तोवर उशीर झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याची नस वाळत चालली आहे, गेलेली नजर परत येणार नाही, आणि आहे तीही फार दिवस टिकणार नाही. नळीतून बघितल्यासारखं तिला मधलं तेवढंच दिसतं, आणि तेही भर उजेडात. दवाखान्यातून परत येताना ती बसमध्ये माझ्या शेजारी बसली होती. मोताळा मागे पडल्यावर म्हणाली, "पोरी, तू येवढे फोटो जमा करतेस. मी गाताना कशी दिसत व्हती, तेवढं मले एकडाव पाहाचं हाये. सारं गाव मले पाहे, मीच मले नाही पाह्यलं. आरशापुढं काही गानं येत नाही ना."

त्या दिवसापासून मी हात धुऊन मागे लागले. जिथे जिथे तिची पार्टी गेली होती ती गावं पालथी घातली. फोटो मिळाले. सगळ्यांत मावशी आहे, आणि सगळ्यांत तोंड मिटून आहे. तिच्या नातवानं मधेच एक शहाणपणा केला. एका फोटोला कुठल्याशा ॲपमधून हालतं केलं. फोटोतल्या मावशीचे ओठ भलतेच गुलाबी झाले आणि ती तोंड हलवू लागली, पान चघळावं तसं. मावशीनं मोबाइल डोळ्याजवळ नेऊन पाहिलं आणि विचारलं, "हे कोन बाई हाये?" नातू बिचारा ओशाळला. मी म्हटलं, मग आता तूच गा, मी मोबाइलवर काढते. पण मोबाइल वर झाला रे झाला की ती पदर सावरून, तोंड मिटून ताठ बसायची. मावसाजींचा हात अजून हवेतच होता.

म्हणून मी मेहकरच्या त्या खुर्चीत बसले होते. खोक्याच्या तळाशी एक फोटो मिळाला. मावशीची पार्टी. सगळे ओळखू येत होते, फोटोला एक सुरकुती नव्हती. मावशी मधोमध, तरुण, पातळाचा काठसुद्धा दिसत होता. तोंड मिटलेलं. पण चेहरा इतका स्वच्छ मला आजवर मिळाला नव्हता. काहीच न मिळण्यापेक्षा हे बरं, असं स्वतःला बजावत मी उजवीकडचा गठ्ठा पिशवीत घातला.

"हे राह्यलेले?" त्यानं डावीकडच्या गठ्ठ्याकडे बोट दाखवलं.

"ते हललेले आहेत," मी म्हटलं, आणि वाकून शटरखालून बाहेर पडले.

खामगाव, नांदुरा करत दुपारपर्यंत वडनेरला पोचले. मावशी दारात उजेडाला खाट टाकून बसली होती. जय भीम झाला, सुनेनं चहा आणला. मी फोटो तिच्या हातात दिला. तिनं तो डोळ्याजवळ नेला, तिरका केला आणि कोपऱ्यापासून हळूहळू सरकवत पाहू लागली, जणू तांदूळ निवडत होती. "हे तुहे मावसाजी. हा बँजोवाला. हे मी." मग फोटो आणखी जवळ घेतला. "तोंड मिटेलच हाये."

"हाव," मी म्हटलं. "पण किती साफ आला पाहा ना, मावशी."

"साफ तं हाये." तिनं फोटो मांडीवर ठेवला. "अन् तो हललेला नाही भेटला का मेहकरले?"

माझा कप हातातच राहिला. "कोनता हललेला?"

"तिथचाच. तिथी मी थांबली नव्हती." ती समोर रस्त्याकडे पाहत बोलत होती, तिला रस्ता दिसत होता की नाही कोण जाणे. "तुहे मावसाजी हात वर करत, मी थांबे. जनमभर थांबली. त्या रोजी काऊन नाही थांबली ते मले नाही मालूम. सूर असा लागेल व्हता का सोडूच वाटला नाही. पेटी थांबली, ढोलकी थांबली, अन् मी एकलीच गाऊन राह्यली व्हती. तोंडावर उजेड पडला तवाबी गातच व्हती. मंग फोटोवाला म्हने, बाई हलली, फोटो खराब झाला. त्यानं पुन्हा काढला, तो हा असन. कमिटीनं तो पहिला घेतला नाही. अन् तुहे मावसाजी मेहकरपासून वडनेरपर्यंत माह्याशी बोलले नाहीत."

"आधी काऊन नाही सांगितलं?"

"खराब फोटोचं काय सांगाचं, बाई? फेकला असन म्हटलं. तू मेहकरले जाऊन आली म्हनाली तवा याद आली."

स्वच्छ वाचता येणारा बॅनर, ताठ बसलेली माणसं आणि मधोमध पांढरा फराटा. तो मला चहाच्या कपात दिसायला लागला. बाहेर जाऊन स्टुडिओवाल्याला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. त्यानंतर किती वेळा लावला ते मोजायचं नाही असं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीला सांगून पहिल्या गाडीनं पुन्हा मेहकरला निघाले. सबंध रस्ताभर मी भांडत होते. फोटोवाल्याशी, कमिटीशी, मावसाजींच्या त्या वर गेलेल्या हाताशी, आणि सगळ्यात जास्त माझ्या डाव्या हाताशी. त्या परमुलखातल्या बाईचा हललेला हात मी मोठ्या कौतुकानं मोबाइलमध्ये जपून ठेवते आणि माझी सख्खी मावशी हललेली दिसली तर बाजूला सारते. कमिटीनं जे केलं तेच मी केलं. फोटो साफ हवा, बस्स. ज्या फोटोसाठी मी वर्षानुवर्षं धक्के खाल्ले तो माझ्या बोटांत आला होता आणि नाकावरची माशी उडवावी तसा मी तो उडवला.

स्टुडिओचं शटर आज पूर्ण वर होतं. भिंतीला पांढरा रंग दिला होता. हंस गेले होते. "काल संध्याकाळीच भंगारवाला आल्ता, मॅडम," तो म्हणाला. "रद्दीसोबत समदं देलं. तुमीच म्हनल्या ना, हललेले हायेत." त्याचं काही चुकलं नव्हतं, म्हणून मला त्याचा आणखीच राग आला. भंगाराच्या दुकानात गेले. तिथे प्लास्टिकच्या बाटल्यांचा ढीग होता, मोडक्या सायकली होत्या. कागदाचा माल भरून गाडी पहाटेच अकोल्याकडे गेल्याचं कळलं. मी मेहकरच्या स्टँडवर येऊन बसले. समोर गाड्या लागत होत्या, सुटत होत्या. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण नुसतंच डोकं तापलं होतं.

वडनेरला पोचले तेव्हा दिवेलागण होत होती. गल्लीत कुणीतरी वांगं भाजत होतं. मावशी खाटेवर तशीच बसलेली होती आणि माझ्या चालण्यावरून तिनं मला ओळखलं.

"भेटला?"

नाहीच मिळाला, फार जुना होता, असं सांगून मोकळं होता आलं असतं. बसमध्ये मी ते वाक्य घोकतही होते. पण तिचा चेहरा माझ्याकडे वळलेला होता आणि नजर माझ्या खांद्याशेजारी कुठेतरी होती. मला ते वाक्य काही बोलता आलं नाही.

"गेला, मावशी. भंगारात गेला. पन मी पाह्यला व्हता तो. काल माह्या हातात आलता. हललेला हाये म्हनून मीच बाजूले ठेवला."

घरात सुनेनं दिवा लावला. मला वाटलं, आता ही मावसाजींसारखी बोलायची थांबणार.

"तू पाह्यला ना पन?" ती म्हणाली. "मंग सांग. कशी दिसत व्हती मी?"

मी खाटेवर तिच्याजवळ बसले. त्या फोटोतलं मला काय आठवत होतं? एक पांढरा फराटा. पण मी सांगू लागले. "मधात तू हायेस. माईकपाशी. पांढरं पातळ, कडक."

"निळ्या काठाचं?"

"काळा-पांढरा फोटो हाये तो, मावशी."

"हाव, खरंच की. मंग?"

"बाकीचे सारे पुतळे. मावसाजीचा हात वर हाये. तुहे डोळे मिटेल हायेत, तुले काही मालूमच नाही. डावा हात कानाले लावेल. मानंची नस फुगेल. अन् तोंड येवढं उघडं हाये, तो वाकडा दात दिसून राह्यला."

मावशीनं पटकन पदर तोंडाला लावला आणि आतल्या आत हसली. मी सांगतच राहिले. यातलं काहीही मी त्या फोटोत पाहिलं नव्हतं. हे सगळं मी सतरंजीवर बसून, तोंडात खडीसाखर धरून पाहिलं होतं, रोहिणखेडला, नांदुऱ्याला, पुन्हा पुन्हा. ते आपल्याजवळ आहे हेच मी विसरून गेले होते.

"हात असा?" तिनं डावा हात कानाला लावून दाखवला.

"जराकसा वर."

तिनं हात वर घेतला. डोळे मिटले. आणि मग, मला दाखवण्यापुरता असेल, तिनं सूर लावला. आवाज फाटलेला होता. दम पुरत नव्हता. अर्ध्या ओळीत ती थांबली, श्वास घेतला आणि पुन्हा तिथूनच उचललं. उजवा हात समोर गेला. मानेची नस वर आली. गल्लीतून जाणारं कुणीतरी दारापाशी थबकलं.

माझा मोबाइल मांडीवर होता. मी तो उचलला आणि अगदी तिच्या तोंडासमोर धरला. आजवर तो नुसता दिसला की ती पदर सावरून तोंड मिटायची. आता मधेच तिनं डोळे उघडले, थेट मोबाइलकडे पाहिलं, आणि गात राहिली. तिला तो दिसलाच नाही.

गाणं संपल्यावर ती धापा टाकत बसली. मी पदराच्या गाठीकडे पाहिलं, गाठ नव्हती. मी आतून पाणी आणून दिलं.

"फोटो काढला मी तुहा, मावशी," मी म्हटलं. "गाताना."

तिनं भांडं खाली ठेवलं. हात पुढे करून माझा मोबाइल चाचपला, काचेवरून बोट फिरवलं. डोळ्याजवळ मात्र नेला नाही.

"कसा आला?"

मी पाहिलं. माझा हात कापला होता की तिचीच मान, सांगता येत नव्हतं. चेहऱ्याच्या जागी नुसता उजेड ओढल्यासारखा झाला होता.

"हलला," मी म्हटलं.

"मंग गातच असन मी," मावशी म्हणाली, आणि मोबाइल माझ्या हातात परत दिला.